वुल्व्हरिन बुटकाच हवा का? पात्रातलं काय बदललं तर चालतं आणि काय बदललं की पात्र मोडतं

अर्धवट_वाचक (धागाकर्ता)

मार्व्हलच्या पात्रकोशात वुल्व्हरिनची उंची ५ फूट ३ इंच दिली आहे. ह्यू जॅकमन ६ फूट २ इंच. जवळजवळ फुटाचा फरक, आणि तरी २००० सालच्या 'एक्स-मेन'पासून वुल्व्हरिन म्हटलं की डोळ्यांसमोर हाच माणूस येतो. उलट 'ब्लॅक विडो'तल्या (२०२१) टास्कमास्टर या खलनायकाकडे ढाल, तलवार, टोपी, मुखवटा अशी सगळी सामग्री होती, आणि चाहत्यांचा त्या पात्रावरचा राग अजून गेलेला नाही.

मग नवीन कलाकाराचं नाव जाहीर झालं की "हा शोभत नाही" हे नेमकं कशावरून ठरवायचं? उंची, चेहरा, वय, वंश, पोशाख, शक्ती कुठून आली, पूर्वायुष्य काय. यातलं काय हलवलं तर चालतं आणि काय हलवलं की पात्र कोसळतं? "मला आवडला / नाही आवडला" इथे नको, त्यासाठी ढीगभर धागे आहेत. चित्रपटाचं, जमलं तर अंकाचं नाव घेऊन कारणासकट सांगा. डीसी, मार्व्हल दोन्ही चालेल.

पाणमांजर

उंचीवरच बोलतो.

वुल्व्हरिन बुटका आहे तो काही चित्रकाराच्या लहरीने नाही. १९७४ साली संपादक रॉय थॉमस यांनी लेन वीन यांना हे पात्र लिहायला सांगितलं तेव्हाच सांगून ठेवलं होतं की कॅनडाचा हवा, अंगाने लहान हवा आणि डोक्याने भडक हवा. कारण या नावाचा खरा प्राणी तसाच आहे. नावात 'वुल्फ' ऐकू येतं म्हणून लोक त्याला लांडगा समजतात. (जॅकमनही आधी तसंच समजून लांडग्यांचा अभ्यास करत बसला होता, हे त्यानेच मुलाखतींत सांगितलंय.) प्रत्यक्षात तो पाणमांजराच्या कुळातला, मध्यम कुत्र्याएवढा प्राणी, आणि आपल्याहून कितीतरी मोठ्या जनावराच्या तोंडची शिकार पळवायला मागेपुढे बघत नाही. 'हल्क'च्या १८१व्या अंकात त्याची पहिली पुरी झुंज थेट हल्कशी लावली, ती याच हिशोबाने.

म्हणजे उंचीचा कथेत उपयोग होता. समोरचा त्याला कमी लेखतो. तो खालून, पोटा-मांडीच्या पातळीवरून वार करतो. शिवाय अडमॅन्टियम नावाच्या अभेद्य धातूने मढवलेल्या सांगाड्यामुळे एवढ्याशा माणसाचं वजन ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो भरतं, हे वाचकाला ठाऊक असतं, समोरच्या गुंडाला नसतं.

चित्रपटात काय झालं? भूमिका आधी डगरे स्कॉटला मिळाली होती. 'मिशन इम्पॉसिबल २'चं काम लांबलं, तो सुटला नाही, आणि जॅकमन आला तोवर चित्रीकरण सुरू झालेलं. मग जुळवाजुळव: त्याला बऱ्याचदा कमरेच्या वरच धरायचं, कोन असे लावायचे की तो ठेंगणा वाटावा, आणि सोबतच्या कलाकारांना जाड तळव्यांचे बूट द्यायचे. थोडक्यात, करणाऱ्यांनाही उंचीचं महत्त्व कळत होतं. पण ती कॅमेऱ्याने आणि चपला-बुटांनी भागवता येते. जे असं भागवता येत नाही ते त्यांनी त्याच्या पहिल्याच प्रसंगात दुसऱ्या वाटेने आणलं. दारूच्या गुत्त्यातल्या पिंजऱ्यात लोगन (वुल्व्हरिनचं नेहमीचं नाव) पाठ करून, खांदे पाडून उभा असतो, मार खात राहतो, समोरचा त्याला संपलेला समजतो. 'कमी लेखलं जाणं' उंचीकडून काढून उभं राहण्याच्या ढबीकडे दिलं. काम तेच.

आता २०२४च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये कॉमिकबरहुकूम उंचीचा जॅकमन क्षणभर दाखवलाय, तोही संगणकाने बुटका करून आणि हशा पिकवण्यासाठी. चोवीस वर्षांची तक्रार एका विनोदात वसूल!

सायक्लॉप्सचा_चष्मा

पाणमांजर, प्रतिसाद छान, पण हिशोब अर्धाच मांडलात. उंच, देखण्या वुल्व्हरिनची किंमत वुल्व्हरिनने मोजलीच नाही. ती शेजाऱ्यांनी मोजली.

कॉमिकमध्ये लोगन केसाळ, ठेंगणा, सिगारचा वास मारणारा. एक्स-मेनमधल्याच जीन ग्रेला त्याची ओढ वाटते ती त्याच्यातल्या रानटीपणामुळे, आणि त्याच्या वाट्याला ती येणार नाही हे त्यालाही माहीत असतं. त्रिकोणात स्कॉट, म्हणजे सायक्लॉप्स, हा खरा जोडीदार. आता त्या त्रिकोणात सहा फुटी, चित्रपटाचा नायक होऊ शकेल असा माणूस ठेवला की तराजू कलतो. त्यात सायक्लॉप्सचे डोळे कायम लाल काचेआड. जेम्स मार्सडेनकडे अभिनयाला उरलं काय, तर ओठ, हनुवटी आणि आवाज. एकाचा अख्खा चेहरा पडद्यावर, दुसऱ्याचा अर्धा. प्रेक्षक कुणाकडे झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पुढची घसरण क्रमाने पाहा. 'द लास्ट स्टँड' (२००६) मध्ये सायक्लॉप्स सुरुवातीलाच मरतो, तेही पडद्याआड. (मार्सडेन आधीच्या भागांचा दिग्दर्शक ब्रायन सिंगरबरोबर 'सुपरमॅन रिटर्न्स'मध्येही होता, त्याच वर्षी आला.) पण चित्रपट तर डार्क फीनिक्सच्या, म्हणजे शक्ती हाताबाहेर गेलेल्या जीनच्या कथेवर! मूळ कथेचा शेवट 'एक्स-मेन' १३७ (१९८०) मध्ये आहे: चंद्रावर, स्कॉटच्या डोळ्यांदेखत, जीन स्वतःच स्वतःचा अंत करते. निर्णय तिचा असतो, म्हणून ती शोकांतिका. चित्रपटात स्कॉटच नाही, तेव्हा तो क्षण लोगनकडे जातो आणि तो तिला पंजांनी मारतो. निर्णय घेणारी जीन आता मारली जाणारी जीन झाली. याला बारीकसा फेरफार म्हणायचं असेल तर म्हणा, आपल्याकडे त्याला 'ध चा मा' म्हणतात.

पुढे 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'. १९८१च्या मूळ कथेत (अंक १४१, १४२) भूतकाळात जाणारं मन किटी प्राइड या एक्स-मेनमधल्या मुलीचं असतं. प्रौढ किटी तिच्याच कोवळ्या देहात उतरते. २०१४च्या चित्रपटात जातो कोण? वुल्व्हरिन. कथेत कारण दिलंय, आणि ते तर्काला धरून आहे: १९७३ पर्यंत मागे जायचं तर मेंदूच्या चिंध्या होतील, ज्याची जखम आपोआप भरते तोच टिकेल, शिवाय किटीचा तेव्हा जन्मही झालेला नाही. ठीक. पण १९७३ हे सालही त्यांनीच निवडलं होतं ना? किटीला मिळालं काय, तर पलंगाच्या उशाशी बसून लोगनच्या कपाळाशी हात धरणं.

आणि रोग (Rogue), स्पर्शाने दुसऱ्याची शक्ती ओढून घेणारी. कॉमिकमधली रोग उडते, इमारती उचलते, कारण तिने मिस मार्व्हलची शक्ती कायमची ओढून घेतलेली असते ('अव्हेंजर्स'चा दहावा वार्षिकांक, १९८१) आणि त्या पापाचं ओझं वागवत असते. अ‍ॅना पॅक्विनची रोग म्हणजे लोगनने सांभाळायची घाबरलेली पोर. ती जागा कॉमिकमध्ये किटीची, पुढे ज्युबिलीची. पॅक्विनच्या अभिनयात खोट नाही, नाव चुकीचं चिकटवलंय.

तेव्हा धागाकर्त्यांना उत्तर: कलाकार त्या पात्राला शोभतो का, हा दुसरा प्रश्न. तो आल्यावर बाकीच्या पात्रांच्या वाटची कामं कुणाकडे जातात, हा पहिला.

पाणमांजर

सहमत, एक दुरुस्ती सोडून. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'मध्ये लोगन गेल्याने एक गोष्ट साधली. जो माणूस स्वतःचा राग आवरू शकत नाही, त्याला तरुण, दारूत बुडालेल्या झेव्हियरला (एक्स-मेनच्या गुरूला) धीर द्यावा लागतो. गुरुशिष्य उलटे झाले. किटी गेली असती तर हे मिळालं नसतं. बदल वाईटच असं नाही, पण फुकट नाही.

गॉथमकर

मुखवट्याचा मुद्दा निघालाच आहे तर तिथेच थांबू या, कारण निम्म्या वादांचं मूळ तिथे आहे. कलाकार निवडताना पहिली विचारणा ही हवी: मुखवटा घातल्यावर कॅमेऱ्याला चेहऱ्याचा कुठला भाग उरतो?

बॅटमॅन: डोळे, ओठ, जबडा. १९८८ मध्ये मायकल कीटनचं नाव आलं तेव्हा वॉर्नरकडे सुमारे ५०,००० निषेधाची पत्रं गेली. विनोदी नट, उंची बेताची, जबडा चौकोनी नाही. दिग्दर्शक टिम बर्टनचं म्हणणं साधं होतं. अंगानेच धिप्पाड असलेल्या माणसाला वटवाघळाचं सोंग घ्यायची गरज का पडावी? ज्याला सोंग लागतं असाच माणूस हवा, आणि डोळे बोलणारे हवेत. स्नायू पोशाखात ओतता येतात. पोशाख घडवणाऱ्या बॉब रिंगवुडने तेच केलं: फोम लेटेक्सचा साचा, छाती-पोटाची घडण त्यातच.

अडचण वेगळीच निघाली. मुखवटा आणि खांदे एकसंध, त्यामुळे मान वळेना. कीटन बाजूला बघायचं असेल तर कमरेपासून अख्खा वळतो. ऐकूही धड येत नसे. पण त्यातून जो ताठ, पुतळ्यासारखा बॅटमॅन निघाला तो लोकांना इतका पटला की पुढच्यांनीही तसंच वळायला सुरुवात केली. थेट 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) ब्रूस वेन नवीन पोशाख मागतो तेव्हा मान वळायला हवी ही त्याची मागणी संवादातच आहे. १९ वर्षं मान अवघडलेली, बिचारा.

बेन ('द डार्क नाइट राइझेस'चा खलनायक): तोंड झाकलेलं, उरले डोळे आणि आवाज. टॉम हार्डीने डोळ्यांवर पात्र ओढून नेलं, पण डिसेंबर २०११ मध्ये सुरुवातीचा विमानाचा प्रसंग आधी दाखवला गेला तेव्हा लोकांना शब्दच कळेनात. चित्रपट येईपर्यंत आवाजाचं मिश्रण बदलावं लागलं. आता त्याचा आवाज खोलीत कुठूनही आला तरी थेट कानाशी बोलल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे.

ग्रीन गॉब्लिन (२००२): विलेम डफोसारखा लवचीक चेहऱ्याचा नट घेतला आणि त्यावर न हलणारा कडक मुखवटा बसवला. रूखवतात मांडलेल्या लाडवांसारखं, दिसतात पण खाता येत नाहीत. त्या चित्रपटातला त्याचा सर्वांत भारी प्रसंग आरशासमोरचा, मुखवट्याविना. चूक कळायला १९ वर्षं लागली. 'नो वे होम'मध्ये (२०२१) तो सुरुवातीलाच मुखवटा फोडून टाकतो आणि मग डफो मोकळा सुटतो.

जज ड्रेड: १९९५ मध्ये स्टॅलोनने शिरस्त्राण काढलं, कारण एवढा मोठा तारा आणि चेहरा दिसणार नाही हे कुणाला परवडणार? कॉमिकमध्ये ड्रेडचा चेहरा दाखवायचा नसतो, कारण कायद्याला चेहरा नसतो. २०१२ मध्ये कार्ल अर्बनने ते शेवटपर्यंत काढलं नाही. अख्खी भूमिका हनुवटीवर आणि खाली वळलेल्या ओठांच्या कोपऱ्यांवर निभावली. इथे धडा असा की ताऱ्याचं मानधन आणि मुखवटा यांचं वैर आहे. मोठं नाव जाहीर झालं की समजून चाला, मुखवटा वारंवार उतरणार. आयर्न मॅनमध्ये यावर युक्ती काढली: शिरस्त्राणाच्या आतला चेहरा दाखवायचा, भोवती निळे आकडे नाचवायचे. रॉबर्ट डाउनी चिलखतातही दिसत राहतो.

स्पायडरमॅनला तर काहीच उरत नाही. तिथे अंगाची लय बघायची. 'सिव्हिल वॉर'पासून (२०१६) डोळ्यांच्या भिंगांना उघडझाप दिली, कारण चित्रकार कॉमिकमध्ये ते आधीपासून करत होते.

कोळीष्टक

स्पायडरमॅन निघालाच आहे तर जाळ्याचं बोलू. 'शक्ती कुठून आली' हे हलवता येतं का, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

कॉमिकमध्ये पीटर जाळ्याचा द्रव स्वतः बनवतो, मनगटावर यंत्र बांधतो. २००२च्या चित्रपटात जाळं मनगटातूनच निघतं. चाहते खवळले. दोन्ही बाजूंचा जमाखर्च असा.

गमावलं काय: द्रव संपणं. ऐन उडीत नळी रिकामी होणं हे लेखकाच्या हातातलं हुकमी पान होतं. यंत्र बिघडतं, शत्रू ते फोडतो, ओलं होतं. दुसरं, पीटर हुशार आहे हे सांगावं लागत नसे, दिसायचं. कोळी चावल्याने शक्ती आली, जाळं मात्र त्याच्या अकलेचं. ते गेल्यावर पीटरची हुशारी फक्त वर्गातल्या गुणांपुरती उरली.

मिळवलं काय: सॅम रेमीचा पहिला चित्रपट वयात येण्याबद्दल आहे. अंगातून काहीतरी चिकट बाहेर पडतंय, का ते कळत नाही, कुणाला सांगताही येत नाही. आणि दुसरा भाग (२००४) तर याशिवाय उभाच राहिला नसता. मन खचतं, जाळं आटतं. यंत्र असतं तर मन खचल्यावर यंत्र कशाला बंद पडेल? म्हणजे त्या बदलावर पुढचा अख्खा मजला बांधला. गंमत म्हणजे २००४ मध्येच कॉमिकनेही काही काळ पीटरला अंगातलं जाळं देऊन बघितलं. मुलाने बापाला चष्मा लावायला शिकवावं तसं.

माझ्या मते खरा ढळलेला बदल टॉम हॉलंडच्या पीटरचा. जाळ्याचा द्रव त्याचा, मान्य. पण पोशाख, त्यातला बोलणारा संगणक, ड्रोन, सगळं टोनी स्टार्कचं. पीटरचा पाया टंचाई आहे: भाडं थकलंय, कपडा उसवलाय, फोटो विकून पैसे मिळवायचेत. अब्जाधीशाने पोशाख दिला की हा पाया निघतो. 'नो वे होम'च्या शेवटी भाड्याच्या खोलीत शिवणयंत्रावर स्वतः शिवलेला पोशाख दिसतो, तेव्हा कुठे गाडी रुळावर. तीन चित्रपट लागले.

पीटरची प्रेयसी ग्वेन, तिच्याबद्दल एक बारकावा. 'अमेझिंग स्पायडरमॅन' १२१ (१९७३) मध्ये पीटरचं जाळं तिला पकडतं, आणि मानेजवळ छोट्या अक्षरांत 'स्नॅप' लिहिलेलं आहे. पडण्याने नाही, अचानक थांबण्याने मान मोडते. म्हणजे वाचवणाऱ्याच्याच हातून. २०१४च्या चित्रपटात जाळं पोचतं तोवर तिचं डोकं जमिनीला लागतं; दोष उशिराचा होतो, जाळ्याचा नाही. प्रसंग तसाच दिसतो, अपराधाचं वजन निम्मं. अँड्र्यू गारफील्ड रडतो मात्र मूळ अंकाएवढंच. तो या भागातला सर्वांत चांगला पीटर-ग्वेन जोडा होता हेही खरं, आणि तिथे कुणी उंची-रंग मोजत बसलं नाही.

अर्धवट_वाचक (धागाकर्ता)

भारी चाललंय. सायक्लॉप्सचा_चष्मा यांचा 'शेजाऱ्यांचा हिशोब' पटला. पण मग टास्कमास्टर आणि मँडरिनचं काय? तिथे तर शेजाऱ्यांचं काही बिघडलं नाही, पात्रच बदललं. आणि वंश बदलण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये, सगळे पाय जपून टाकतायत असं दिसतं.

रद्दीतली_रत्नं

टास्कमास्टर. १९८० पासूनचं पात्र, निर्माते डेव्हिड मिशेलिनी आणि जॉर्ज पेरेझ. बघितलेली हालचाल जशीच्या तशी उचलतो, हे सगळ्यांना माहीत. पण त्याचा धंदा काय, हे विसरतात: तो गुंड घडवायच्या शाळा चालवतो. खलनायकांना दर वेळी एवढे प्रशिक्षित हस्तक मिळतात कुठून, या खुळचट प्रश्नाचं ते अस्सल उत्तर आहे. फी घेणारा, बडबड्या, जिवावर बेतलं की काढता पाय घेणारा मास्तर. चित्रपटाने नक्कल ठेवली, आणि धंदा, जीभ आणि स्वतःची मर्जी काढून घेतली. ओल्गा कुरिलेन्को स्त्री आहे म्हणून बिघडलं असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तीच फी घेऊन गुंडांचे वर्ग चालवताना दाखवली असती तर पात्र शाबूत होतं.

तोंड बंद करण्याचा आणखी मोठा गुन्हा २००९चा: 'एक्स-मेन ओरिजिन्स: वुल्व्हरिन'मध्ये डेडपूलचं तोंड शिवलं. ज्याचं नावच 'बडबड्या भाडोत्री' म्हणून गाजलं, त्याचं! नट तोच रायन रेनॉल्ड्स, जो २०१६ मध्ये त्याच भूमिकेत डोक्यावर घेतला गेला. कास्टिंग बरोबर असून पात्र कसं मारता येतं, याचा नमुना म्हणून जपून ठेवावा.

उलट 'विंटर सोल्जर'मध्ये कॅप्टन अमेरिकेचा मित्र बकी जवळजवळ बोलतच नाही आणि ते चालतं. कारण त्याची वाचा कुणीतरी काढून घेतली आहे, हीच तर त्याची कथा आहे. गप्प असणं चालतं, गप्प का आहे ते पात्रातून यायला हवं.

मँडरिन (पहिली हजेरी १९६४): 'आयर्न मॅन ३'ने (२०१३) बेन किंग्जलीला दाढी, अंगठ्या, धमक्या देऊन उभं केलं आणि मध्यावर उघड केलं की हा भाड्याने आणलेला दारुडा नट आहे. निम्मे प्रेक्षक हसले, निम्मे अजून धुमसतायत. टोनीचा सर्वांत मोठा शत्रू त्याला भेटलाच नाही, एवढी तक्रार रास्त.

गॉथमकर

मँडरिनबाबत असहमत. मूळ पात्र म्हणजे पाश्चात्त्यांनी रंगवलेला 'पिवळा धोका', लांब नखं आणि सगळं. तसंच्या तसं आणलं असतं तर कुणालाच गिळवलं नसतं. 'आयर्न मॅन ३'ने तेच सोंग उघडं पाडलं: हा बाहुला कुणीतरी तुम्हाला घाबरवायला रचलाय. मग 'शांग-ची'ने (२०२१) टोनी लियुंगचा वेनवू आणला, दहा अंगठ्यांची मनगटावरची कडी केली, आणि दुःखाने आंधळा झालेला बाप उभा केला. कॉमिकमध्ये शांग-चीचा बाप फू मांचू होता, तेही तसलंच जुनं सोंग. दोन जुनी सोंगं वितळवून एक माणूस घडवला. हा बदल मूळाहून सरस आहे.

रद्दीतली_रत्नं

वेनवू सरस, हे शंभर टक्के. पण तो टोनी स्टार्कला भेटत नाही हे तुम्ही सफाईने टाळलंत. :)

मुंबॅटनकर

वंशाचा प्रश्न मी उचलतो. आधी 'कुठल्या कॉमिकमधला?' हे विचारा. निक फ्युरी १९६३ पासून गोरा होता, पण २००२च्या 'अल्टिमेट्स'मध्ये ब्रायन हिचने तो सॅम्युएल जॅक्सनवरूनच रेखाटला. २००८ मध्ये जॅक्सन पडद्यावर आला तो कॉमिकबरहुकूमच.

आता आपल्या अंगणातली दोन उदाहरणं.

'इटर्नल्स' (२०२१) मधला किंगो. कॉमिकमध्ये तो जपानचा, सामुराईपटांचा तारा. चित्रपटात कुमेल ननजियानीचा किंगो मुंबईचा हिंदी सिनेमातला तारा. इथे फक्त देश बदलला असता तर तो रंगकाम ठरला असता. पण अडचण बघा: हजारो वर्षं न मरणारा माणूस प्रसिद्ध कसा राहील, लोक ओळखणार नाहीत का? तोड अशी की तो स्वतःलाच स्वतःचा मुलगा, नातू, पणतू म्हणवतो आणि घराणं चालू ठेवतो. हिंदी सिनेमात पिढ्यान्पिढ्या तोच चेहरा, तेच आडनाव बघायची सवय असलेल्या प्रेक्षकाला यात शंका येणारच नाही! जागा बदलल्याने कथेतलं भोक बुजलं. शिवाय त्याचा सेवक करुण, म्हणजे आपले हरीश पटेल, हा त्या देवांच्या मेळ्यातला एकमेव साधा माणूस आणि सगळा ओलावा त्याच्याकडे.

दुसरा पवित्र प्रभाकर. २००४च्या चार अंकांच्या भारतीय मालिकेत भाषांतर नावांपुरतं होतं: पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. खाली धोतर नेसवलं, शक्ती योग्याकडून मिळाली. योग्याने दिलेली शक्ती म्हणजे निवड झाली, वरदान मिळालं. कोळी चावणं हा अपघात असतो. कुणीही असू शकला असता, म्हणून तर जबाबदारीचं ओझं वाटतं. वरदान आणल्यावर हे गणित बदलतं, आणि ते बदललंय याची मालिकेला फारशी दखल नव्हती.

'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये (२०२३, आवाज करण सोनी) दुरुस्ती वेगळ्या टोकाने केली. धोतराचा बाज ठेवला, कडी यो-योसारखी फिरवून जाळं सोडायची ढब दिली, आणि स्वभाव उलटा केला: याला सगळं सोपं जातं, केस छान, प्रेयसी आहे, अजून दुःख भेटलेलं नाही. बाकी सगळे कोळी कुणाला तरी गमावून बसलेत, हा नाही. म्हणून प्रेयसीच्या वडिलांचा, इन्स्पेक्टर सिंगांचा जीव वाचतो तेव्हा त्याच्या जगालाच तडा जातो. त्याचा हसरेपणा कथेला लागणारा सुटा भाग आहे, नुसता 'भारतीय रंग' नाही.

अवांतर: हा चित्रपट भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. 'चाय टी' म्हणणाऱ्या माइल्सला (चित्रपटाच्या नायकाला) पवित्र झापतो तो विनोद मुळात इंग्रजी बोलणाऱ्यावर आहे. ज्या भाषेत कुणी 'चाय टी' म्हणतच नाही तिथे तो अर्धा हवेत राहणार. अनुवादकाचं काम कास्टिंगइतकंच बिकट.

अर्धवट_वाचक (धागाकर्ता)

मस्त. आता शेवटचं. उद्या एखादं नाव जाहीर झालं, ट्रेलर नाही, छायाचित्र नाही, फक्त नाव, तर पहिल्या दिवशी नेमकं काय तपासायचं?

सायक्लॉप्सचा_चष्मा

उंची, केसांचा रंग, दंड सोडून द्या. १९७८च्या सुपरमॅनसाठी किडकिडीत क्रिस्टोफर रीव्हला व्यायामाने भरवला, तोही डार्थ वेडरच्या पोशाखातल्या डेव्हिड प्राउजकडून. भांग मात्र क्लार्कचा एकीकडे, सुपरमॅनचा दुसरीकडे, आणि लोइसच्या घरात चष्मा काढून तो पाठ ताठ करतो तेव्हा माणूस बदलतो. ती पाठ त्याच्याकडे आधीपासून होती. त्यामुळे त्या नटाची जुनी कामं काढा, आवाज बंद करा आणि तो उभा कसा राहतो, ऐकताना काय करतो ते बघा. जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजरच्या निवडीवर २००६ मध्ये ओरडणाऱ्यांनी 'ब्रोकबॅक माउंटन' आवाज बंद करून बघितला असता तर ओठ आवळून बोलणारा, जीभ आतच ठेवणारा माणूस दिसला असता. जोकरमध्ये त्याने तीच जीभ बाहेर काढली.

मग पटकथाकार कोण ते बघा, आणि पात्राचं कुठलं पूर्वायुष्य वापरणार आहेत याची कुणकुण लागते का ते. १९८९च्या बॅटमॅनमध्ये कीटन-निकल्सन दोघंही चोख होते. घोटाळा झाला तो वेनच्या आईबापांचा खुनी जोकरच निघाला तिथे. कॉमिकमध्ये तो जो चिल नावाचा फुटकळ चोर. खुनी कुणीही असू शकतो, म्हणून ब्रूसचं वैर गुन्ह्याशी. खुनी जोकर ठरला आणि शेवटी मेला, की सूड पुरा झाला. मग रोज रात्री बाहेर कशाला पडायचं? 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये (२००५) दिग्दर्शक नोलनने जो चिल परत आणला आणि ब्रूसने पिस्तूल काढायच्या आत दुसऱ्याच कुणाकडून मारवला. सूड हातचा गेला, बॅटमॅन उरला.

पाणमांजर

आणि वुल्व्हरिन असेल तर?

सायक्लॉप्सचा_चष्मा

तर सायक्लॉप्सचं नाव कधी जाहीर होतं ते बघा. वुल्व्हरिनच्या आधी किंवा बरोबर झालं तर पाच फुटांचा आणा नाहीतर सात फुटांचा, मला चालेल.